वीस रुपयांची बोली

घरमालक हात जोडून "फुकट राहा" म्हणत असताना मी त्यांच्याशी भाडं वाढवण्यासाठी भांडलो आहे.

झालं असं. राज्य खालसा होऊन दोन पिढ्या उलटल्या, तरी तंजावुरात राजवाड्यामागच्या गल्लीत आम्ही राजासारखे (म्हणजे भाड्यानं) राहत होतो. मग रेल्वेचे कारकून आले, वकील आले, आणि आमच्या सहा रुपयांच्या घराला मालक बारा मागू लागला. कलेक्टर कचेरीत माझा पगार पंचवीस! महिनाअखेर घर सोडणं भाग होतं. कुंभकोणम परवडत नव्हतं. ओरत्तनाडु स्वस्त, पण तिथून मी कचेरीत पोचेपर्यंत कचेरी सुटली असती. उरलं कावेरीकाठचं तिरुवैयारु. तिथं मागे विहीर असलेलं घर पाच रुपयांत मिळतंय, ही बातमी माझ्या बायकोनं, यमुनेनं, भाजीवालीकडून काढली होती.

"साधं धोतर नेसून चला. कारकून म्हणून सांगा, मग गप बसा," तिनं बजावलं.

पण घरात माझे वडील, अप्पा, होते ना! "आम्ही राजवाड्याचीं माणसं! अस्के लोक बघतील, सगळे! उघड्या डोक्यानं घर मागाला जातोस?" असं म्हणून त्यांनी पेटीतून आजोबांची जरीची पगडी काढली आणि माझ्या डोक्यावर ठेवली. स्वतः शाल पांघरली. (आजोबा राजवाड्यात हत्तींना ऊस भरवायचे. अप्पा याला "हत्तीखान्याचा कारभार" म्हणतात.) खरं सांगतो, पगडी मलाही आवडली.

बैलगाडीनं आम्ही तिघं तिरुवैयारुला पोचलो. घरमालक पिळ्ळै ओट्यावर पान लावत बसले होते. आम्हांला पाहून ते उठूनच उभे राहिले.

"राजवाड्याचे का?" त्यांनी तामिळीत विचारलं.

झालं! अप्पा सुरू झाले. सात हत्तींचे बघता बघता सत्तर हत्ती झाले. मी पगडी सावरत मान डोलावत होतो.

पिळ्ळैंनी हात जोडले. "मग तुमच्याकडून भाडं कसलं घ्यायचं? फुकट राहा."

दारातून आरपार दिसणाऱ्या मागच्या विहिरीत डोकावायला गेलेल्या यमुनेनं आनंदानं रहाटच घट्ट धरला. तिथं मी गप बसलो असतो तर! पण डोक्यावर पगडी होती.

"छे छे! आम्ही कुणाकडे फुकट राहत नाही. दहा घ्या!"

"नको, अय्या."

"दहा?" अप्पा माझ्यावरच खेकसले. "हत्तीखान्याची अब्रू दहाला विकतोस? पंधरा!"

"खरंच नको हो!"

"अठरा!" मी म्हणालो.

"वीस!" अप्पा गरजले.

पिळ्ळै मागे सरकत सरकत भिंतीला टेकले. लिलावात चढाओढ लागलेली, आणि बोली लावणारे दोघंही एकाच चुलीवरचे!

तेवढ्यात यमुना पदर खोचून पुढे आली. सासऱ्यांसमोर ती परक्या माणसाशी पहिल्यांदाच बोलली, आणि तेही खणखणीत तामिळीत. "अय्या, हे कचेरीत कारकून आहेत. पगार पंचवीस. मामंजींना मी घरी गेल्यावर समजावते. तुम्ही तुमचे पाच घ्या आणि किल्ली द्या."

अप्पांनी शालीत तोंड लपवलं. माझी पगडी एकाएकी फार जड झाली.

पिळ्ळैंचा चेहरा मात्र उजळला. "कारकून? मग आधी नाही का सांगायचं! अहो, राजवाड्याचे एक सरदार माझ्या वडिलांच्या घरात अकरा वर्षं राहिले. दर महिन्याला भाडं वाढवून द्यायचं कबूल करायचे. दिलं एकदाही नाही! म्हणून म्हटलं, आपणच आधी फुकट म्हणावं, निदान पुण्य तरी लागेल."

त्यांनी किल्ली काढली. मी ऐटीत हात पुढे केला. त्यांनी ती यमुनेच्या हातावर ठेवली.

"भाडं दर महिन्याला आगाऊ, अम्मा," ते म्हणाले. "आणि तुम्हीच घेऊन या. यांना पाठवू नका, वाटेत वाढवतील!"