पक्का रंग

आमच्या उधन्याच्या गल्लीतल्या या माणसाने मला अक्षरशः वात आणला होता. कामाला डाइंग मिलच्या रंगखात्यात, आणि सुट्टीला लोकांच्या लग्नांचं व्हिडिओ शूटिंग. "बस भाऊ, छेल्ला शॉट," हे त्याचं पालुपद. त्या छेल्ल्या, म्हणजे शेवटच्या, शॉटनंतर आणखी आठ तरी असायचे.

एकदा त्याने स्वतःचाच पिक्चर काढला. गोष्ट जुनीच, प्रेमात पडलेले दोघंही शेवटी मरतात ती. पण याला लोकांना हसवायचं होतं, म्हणून पाच-पाच मिनिटांना एक उडतं मुंडकं आणि बादलीभर रक्त. नायिका मिलमधलाच एक मिशीवाला. मी तिचा बाप. तीन रविवार माझा गळा चिरला. रक्त म्हणजे मिलमधला लाल रंग.

"अरे, निघणारा रंग आण ना!" मी ओरडायचो.

"पक्का आहे भाऊ, साबणालाही दाद देत नाही," तो अभिमानाने सांगायचा. तसलीच लाल मान घेऊन मी लूमवर कापड विणायला जायचो.

मग एका दुपारी भाड्याच्या व्हीसीआरपुढे सगळी गल्ली बसली. मुंडक्यांवर शिट्ट्या पडल्या. शेवटी नायक मेलेल्या नायिकेच्या गालावरचं रक्त बाहीने पुसू लागला. ते निघेना. तो पुसतच राहिला. शिट्ट्या थांबल्या. माझ्या बायकोने डोळ्यांना पदर लावला.

हा मात्र कपाळाला हात लावून बसला. "कुणी हसलंच नाही! कच्चा रंग आणतो भाऊ, परत घेऊ."

"खबरदार," मी म्हणालो, "पक्काच राहू दे."