भोपळ्याची वेल आणि पेंटरचा ब्रश

पेंटर म्हणजे टापटिपीचा पुतळा. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, पण अक्षर कधी ओळीबाहेर गेलं नाही. बायकोची गच्चीवरची बाग मात्र त्याच्या डोळ्यांत खुपायची. ती कोथिंबीर खुडायची सोडून फुलू द्यायची, मोहरी माजू द्यायची, कोपऱ्यात सब्जाचं रान.

"हा काय पसारा मांडलायस?"

"माझ्या पाहुण्यांसाठी आहे. तुम्हाला काय त्याचं?"

पाहुणे कोण, हे या गृहस्थाने कधी विचारलं असेल तर शपथ. दारावर एकट्याचंच नाव रंगवलेलं. "माझंही लिहा की," ती म्हणायची. "लिहू, घाई काय आहे?" हे त्याचं ठरलेलं उत्तर.

ती गेली. महिन्याभरात त्याने गच्ची लख्ख केली. पसारा उपटला, कीड मारायचं औषध फवारलं, कुंड्यांना रंग दिला. एवढ्या स्वच्छ गच्चीत त्याला करमेना. तिच्या डब्यात भोपळ्याच्या पाच बिया सापडल्या. तिच्या आईकडून आलेलं वाण, ती दरवर्षी लावायची. त्याने पाचही पेरल्या, एकच रुजली. ही वेल फळली नाही, तर तिचं वाण तिच्यामागोमाग संपणार होतं.

वेल फुलली. पण इवलासा भोपळा दिसायचा, पिवळा पडायचा आणि गळून जायचा. रोपवाटिकेतली बाई म्हणाली, "काका, तुमच्याकडे मधमाश्या येत नसणार. नरफुलातला पराग ब्रशने मादीफुलात लावून बघा."

ब्रश म्हटल्यावर पेंटर खुलला. सगळ्यात बारीक ब्रश काढला, सवयीने धुतला आणि तीन फुलांना नाजूक हाताने पराग लावला. दुसऱ्या दिवशी तिन्ही काळी पडली. त्याने ब्रश नाकाशी नेला आणि कपाळावर हात मारला. टर्पेंटाइन. आयुष्यात त्याने ब्रश दुसऱ्या कशात धुतलाच नव्हता. गोष्ट खरं तर हसण्यासारखी होती, पण सोबत हसणारं कोणी नव्हतं. तो तिथेच कुंड्यांमध्ये बसून रडला.

पाहुणे कोण, ते तेव्हा त्याला उमगलं.

औषधाची बाटली घरातून गेली. स्वयंपाकघरातले धणे, मोहरी, सब्जा, मिळेल ते त्याने पेरलं. पसरट ताटलीत पाणी ठेवलं, मधमाश्यांना बसायला त्यात खडे टाकले. कोथिंबीर पांढरी फुलली, मोहरी पिवळी. तोवर वेलीची खालची पानं सुकू लागली होती. तो रोज सकाळी गच्चीत बसून राहायचा. कोणी यायचं नाही.

मग एकदा मोहरीवर गुणगुण ऐकू आली. एक मधमाशी भोपळ्याच्या नरफुलात शिरली, पिवळ्या धुळीने माखून बाहेर आली आणि शेजारच्या मादीफुलात गेली. आठ दिवसांत भोपळा लिंबाएवढा झाला. गळला नाही.

त्याने मुलीला फोन लावला.

"बाबा, मीटिंगमध्ये आहे. काही अर्जंट?"

"नाही गं. विशेष काही नाही."

फोन ठेवून त्याने तोच बारीक ब्रश घेतला, रंगाचा डबा उघडला आणि तो दारासमोर उभा राहिला. आपल्या नावाखाली त्याने तिचं नाव लिहिलं. शेवटचं अक्षर ओळीबाहेर गेलं. पुसायला टर्पेंटाइन हाताशी होतं. त्याने बाटलीचं झाकण उघडलं नाही.