ताईच्या लग्नाची फिल्म आणि माझे हात

ताईला समुद्रकिनारी डेस्टिनेशन वेडिंग हवं होतं. आम्ही राहतो परळच्या चाळीत आणि हॉल मिळाला माहीमला, समुद्राला लागून. "डेस्टिनेशन म्हणे! एवढ्याशा भाड्याला टॅक्सीवाला यायचा पण नाही," मावशी म्हणाली.

फिल्म मी काढायची असं ठरलं. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यातून मास मीडियाला, म्हणजे मला सगळं येतं असा सगळ्यांचा समज. ताईचं मागणं एकच होतं: बुद्धवंदना म्हणताना पांढऱ्या कपड्यांत ती दोघं आणि मागे समुद्र. मैत्रिणीचा कॅमेरा गळ्यात अडकवून मी हॉलच्या हिरवळीवर उभी राहिले.

बौद्धाचार्यांनी वंदना सुरू केली. सगळ्यांबरोबर मीही म्हणू लागले. संपल्यावर कॅमेऱ्यात पाहिलं, तर नुसते नवरदेवाचे अनवाणी पाय! लहानपणापासूनच्या सवयीने माझे हात आपोआप जोडले गेले होते आणि कॅमेरा तसाच गळ्यात लोंबत राहिला होता.

"ताई, तुम्ही दोघं आलाच नाहीत गं," मी कसंबसं सांगितलं. तिचा चेहरा पडला.

बौद्धाचार्य हसले. "लग्न एकदाच लागतं, पण वंदना कितीदाही घेता येते. या सगळे."

या वेळी मावशीने मागून माझी दोन्ही मनगटं कॅमेऱ्यावरच धरून ठेवली. आता फिल्ममध्ये ताई, दाजी, समुद्र, सगळं छान आलंय. फक्त वंदनेच्या मध्येच मावशीचा खणखणीत आवाज येतो, "तोंडाने म्हण गं, हात जोडायचे नाहीत!"