एकदा हिरवं झालं म्हणजे झालं नाही

एकदा घडलेल्या गोष्टीवर विश्वास न ठेवणारा माणूस अख्ख्या नागपुरात एकच, आणि तो नेमका माझ्याच घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. कुलूप लावेल, ओढून बघेल, फाटकापर्यंत जाईल आणि परत येऊन पुन्हा ओढेल. मुलीकडून होकार आला तेव्हा या पठ्ठ्याने दुसऱ्या दिवशी तिलाच फोन लावून विचारलं, "आजही हो आहे ना?" ती हसली म्हणून संसार सुरू झाला, नाहीतर कठीण होतं बाप्पा!

बसून राहणं त्याच्या अंगातच नाही. नोकरी मात्र घरी बसून, कॉम्प्युटरवर. त्याच्या कंपनीच्या प्रोग्राममध्ये एक जुनी लायब्ररी, म्हणजे कुण्या परक्याने लिहून ठेवलेला आयता प्रोग्राम, वापरलेली. ती काढून तिची नवी आवृत्ती बसवायची होती. बसवली की कंपनीचं यंत्र सगळं आपोआप तपासतं आणि जमलं तर हिरवी, बिघडलं तर लाल खूण दाखवतं. याला ते बिल्ड म्हणतात. आणि ते महालहरी! काहीही न बदलता सकाळी लाल, दुपारी हिरवं. तपासणी सुरू झाली की हा जिना उतरून माझ्याकडे. कूलरच्या गवताच्या ताट्या बदल, पंप उघड, नळ आवळ, मधेच "पाहून येतो काकू" म्हणत वर धाव, की वरून आरोळी, "पुन्हा लाल!" त्या बिल्डच्या कृपेने यंदाच्या मे महिन्यात माझ्या खोलीत चादर घ्यावी लागली.

पण जीव माझाही वरखाली होत होता. महिनाअखेरपर्यंत नवी लायब्ररी चालली नाही तर बिऱ्हाड घेऊन पुण्याच्या ऑफिसात या, असं साहेबांनी बजावलं होतं. माझी मुलं दूर. जिन्यावर पावलं वाजतात ती या नवराबायकोचीच. म्हणून एका दुपारी हिरवं झालं तशी मी शिऱ्याला रवा भाजायला घेतला. हा म्हणतो, "थांबा, अजून एकदा चालवून पाहतो." झालं! लाल.

मी कडाडले, "अरे बाप्पा! हिरवं होतं ना? तसंच पाठवायचं! काहून हात लावला गा?"

"ते नशिबानं झालं होतं, काकू. तुमचा कूलर एकदा फिरला म्हणून मी निघून गेलो असतो, तर चाललं असतं तुम्हाले?"

शिरा न खाताच तो वर गेला. रात्रीपर्यंत माझ्या डोक्यावर त्याच्या येरझारा चालू होत्या. मला अन्न गोड लागेना.

आता ते बिल्ड शहाणं झालंय. तो मुकाट टेबलाशी बसतो आणि कूलर कुरकुरला तर मलाच हाक मारावी लागते. जिना फार शांत वाटतो. पण महिना सरता सरता एका सकाळी तो चक्क सावकाश उतरून आला होता, तेवढं आठवलं तरी मला पुरतं.

"सापडलं, काकू. लायब्ररी बिचारी निर्दोष. दोन तपासण्या एकाच फाईलीत लिहून राहिल्या होत्या. एक लिहायची, दुसरी पुसायची; पाळी चुकली की लाल. वेगळ्या केल्या. कालपासून चालवूनच राहिलो, दर वेळी हिरवं. साहेबांनी पास केलं. आम्ही इथंच राहतो."

मी ओट्याला टेकले. डोळे भरून आले होते.

म्हटलं, "पुन्हा एकदा सांग."

त्याने सांगितलं.