मंगळवारवर ढकललेला पंधरा ऑगस्ट

सोळा वर्षांपूर्वी मी उत्तर काश्मीरमधल्या एका पोस्टवर होतो. इन्फंट्रीत हवालदार, सेक्शन कमांडर. हाताखाली नऊ जवान. त्यातला शिपाई काळूराम दरवडा माझ्याच तालुक्यातला. माझं गाव कळंबजवळ. तो माथेरानच्या पायथ्याच्या ठाकरवाडीतला. वय एकवीस. पंधरा ऑगस्टच्या सकाळी तो शहीद झाला.

तेव्हापासून दर पंधरा ऑगस्टला त्याची आई, आंबीमावशी, वाडीवरून दोन तास चालत आमच्या गावात येते. झेंडावंदन होतं, प्रभातफेरी निघते, मग तिचा सत्कार. निवृत्त होऊन आलो तेव्हापासून तिच्या शेजारी मी उभा राहतो.

यंदा पंधरा ऑगस्ट शुक्रवारी आला. आठवडाभर आधी ग्रामपंचायतीत मीटिंग झाली. सरपंच सुरेश तरुण आहे, चांगला माणूस आहे, कामाचा आहे. तो म्हणाला, "झेंडा शुक्रवारी साडेसातला. फेरी, भाषणं, सत्कार पुढच्या मंगळवारी."

मी विचारलं, "का?"

"काका, शुक्रवार-शनिवार-रविवार सलग सुट्टी हाय. रिसॉर्ट सगळे फुल. निम्मं गाव सकाळी सातला ड्युटीवर. गेल्या साली फेरीत माणसं नव्हती, तुमीच बोलला होता. मंगळवारी सगळे मोकळे असतात."

"पंधरा ऑगस्ट मंगळवारी नाही."

"झेंडा करतोय ना त्याच दिवशी."

हात वर झाले, ठराव पास झाला. मी उठून बाहेर आलो.

त्यानंतर चार दिवस मला एका जागी बसवेना. पहाटे साडेचारला उठायचो आणि अंगणात फेऱ्या मारायचो. शेतावर जायचो, बांधावरून परत यायचो. सुरेशला दोनदा फोन लावला आणि त्यानं उचलायच्या आत कापला. पाचव्या दिवशी बायको म्हणाली, "सुरेशनं एवढं काय केलंय? तुमी दुसऱ्याच कोणावर तरी चिडलाय."

ती बरोबर बोलली होती.

आमच्या पोस्टवरून रोज सकाळी पावणेसहाला एक पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, शेजारच्या पोस्टकडे जायचं. चार जवान. वाटेत एक नाला ओलांडावा लागे. समोरच्या डोंगरावरच्या शत्रूला तो नाला सरळ दिसतो. पण त्या वेळी धुकं असायचं, म्हणून वेळ ती ठरलेली. पंधरा ऑगस्टला साडेसातला झेंडा फडकवायचा होता. सगळा सेक्शन एकत्र उभा राहावा असं मला वाटलं. आदल्या संध्याकाळी मी रेडिओवर कंपनी कमांडरांना विचारलं.

"सर, उद्या पेट्रोल झेंड्यानंतर सोडू का? ओव्हर."

उत्तर आलं, "धुकं पाहून सोडा. ओव्हर."

"रॉजर, सर. आऊट."

सकाळी झेंडा झाला. लाडू वाटले. सात पंचेचाळीसला मी धुकं पाहिलं. नाल्यावर ते होतं, पण पातळ होत चाललेलं. मी पेट्रोल सोडलं. काळूराम सर्वांत पुढे होता.

आठ वाजून दहा मिनिटांनी फायर आला. मशीनगन. पेट्रोल नाल्यात असतानाच पाच मिनिटांत धुकं विरून नाला उघडा पडला होता.

पेट्रोलनं रेडिओवर कळवलं, "अल्फा वन, एक कॅज्युअल्टी. स्ट्रेचर पाठवा. ओव्हर."

आम्ही कव्हरिंग फायर दिला. मी दोघांना घेऊन खाली गेलो. गोळी काळूरामच्या पोटात लागली होती. ड्रेसिंग बांधलं, स्ट्रेचरवर घेतलं आणि चढायला लागलो. वाटेत तो एकदाच बोलला.

"उस्ताद, बूट काढा. पाय गार पडलेत."

मी बूट काढले नाहीत. थांबायला वेळ नव्हता. एड पोस्टवर, प्रथमोपचाराच्या ठिकाणी, पोचायच्या आधी, नऊ वाजून पाच मिनिटांनी, तो गेला.

इन्क्वायरी झाली. मी सगळं सांगितलं. कोणी मला दोष दिला नाही. रोजच्या वेळेला गेला असता तर वाचला असता की नाही, हेही कोणी सांगू शकत नाही. पण सोयीसाठी वेळ मी बदलली होती. आंबीमावशीला हे मी कधी सांगितलं नव्हतं.

गुरुवारी मी वाडीवर गेलो. मावशी ओट्यावर बसून रानभाजीची करटोली निवडत होती. मी आधी मीटिंगचं सांगितलं.

"मंगळवारी काय झालं व्हतं?" तिनं विचारलं.

मग मी नाल्याचं सांगितलं. पावणेसहा, पावणेआठ, धुकं, रेडिओ. काही गाळलं नाही. तिनं हातातली करटोली टोपलीत ठेवली.

"किती वाजता गेला?"

"नऊ वाजून पाच मिनिटांनी."

"सकाळी गेला एवढंच समदे बोलले," ती म्हणाली. "सकाळ म्हंजी किती, कोणी सांगितलं नाय. म्हणून दरसाल त्या दिवशी उजाडल्यापासून दुपारपर्यंत मी चूल पेटवत नाय."

ती उठली आणि मला पाणी दिलं. माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही माफी मागितली नाही. निघताना म्हणाली, "उद्या येते. मंगळवारी नाय यायची."

शुक्रवारी साडेसातला झेंडा झाला. ग्रामसेवक, मास्तर, शाळेची मुलं, सुरेश आणि आम्ही दोघं. दहा मिनिटांत सगळे पांगले. आम्ही खांबाजवळ थांबलो. रस्त्यावरून रिसॉर्टकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती. सुरेश ऑफिसला कुलूप लावून आला.

"काका, अजून थांबलाय?"

"नऊ पाचपर्यंत थांबणार आहोत," मी म्हणालो, आणि का ते सांगितलं.

त्यानं फोन खिशात टाकला. ऑफिस पुन्हा उघडून मावशीसाठी खुर्ची आणली. ती बसली नाही. नऊ पाचला मी हळू आवाजात सावधान दिलं. आम्ही तिघं दोन मिनिटं उभे राहिलो. मग विश्राम.

सुरेश म्हणाला, "मी तिसरीत होतो तवा. कसा होता तो?"

मी सांगितलं, "चालायला सगळ्यांच्या पुढे. चढावर त्याला दम लागलेला मी पाहिला नाही. पाण्याचे जेरीकॅन न सांगता भरून आणायचा. दुसऱ्याची पाळी असली तरी."

"घरी कदी एक हंडा उचलला नाय त्यानं," आंबीमावशी म्हणाली. "ओरडलं का जांभळीवर चढून बसायचा. खाली उतरवायला गूळ दाखवाय लागायचा."

आता ती खुर्चीवर बसली आणि बोलत राहिली. चौदा महिने मी त्याचा सेक्शन कमांडर होतो. यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं.