मागच्या सीटवरची झोप

गेल्या वर्षी दिंडोशीची ती जुनी इमारत पाडायची ठरली आणि रहिवाशांना घरं रिकामी करायला सांगितलं गेलं, तेव्हा काकीने मला फोन केला. घरातलं सामान हलवायला ती मदत मागेल असं मला वाटलं होतं. तिने सामानाचं नावही काढलं नाही.

"खालची गाडी तुझ्याच्यान सुरू होतली काय रे?" ती म्हणाली. "माका एकदा तिच्यात बसूचा आसा. मगे कोणाकय दी."

काका-काकी माझे नात्याने कोणी नव्हेत. आमच्याच गावचे, एवढंच. माझे वडील तालुक्याच्या बाजारात हमाली करायचे. घरात बारावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. मला मुंबईत इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा फी कशीबशी जमली, पण राहायचं कुठे हा प्रश्न होता. काका गणपतीला गावी आले होते. माझी गुणपत्रिका हातात घेऊन त्यांनी ती उलटसुलट पाहिली आणि वडिलांना म्हणाले, "आमच्याकडे एक खोली आणि स्वयंपाकघर. स्वयंपाकघरात झोपला तर चालेल ना?" मी चार वर्षं त्या स्वयंपाकघरात झोपलो. आज माझ्या नावापुढे जी पदवी आहे, तिच्यातला निम्मा हिस्सा त्या फरशीचा आहे, असं मी मनापासून मानतो.

मी तिथे राहायला आलो तेव्हा गाडी आधीच दोन वर्षं झाकून ठेवलेली होती. गिरणी बंद पडल्यावर काका अंधेरीच्या एका स्टुडिओत ड्रायव्हर झाले होते. तिथल्या एका निर्मात्याने धंदा आवरताना ही गाडी त्यांना देऊन टाकली. लांब नाकाची, काळी, पुढे चार दिवे. त्या काळी पडद्यावरचा खलनायक जिच्यातून उतरायचा, तसली. हल्लीची पोरं तिला देशी मसल कार म्हणतात आणि रस्त्यात दिसली तर फोटो काढतात. सिनेमासाठी तिच्यात बरेच बदल केलेले होते. मागे रुंद टायर, मागच्या काचेवर जाळीसारख्या आडव्या पट्ट्या, बंपरवर पिवळे जादा दिवे, मागच्या सीटच्या डोक्याशी स्पीकरसाठी केलेली मोठी लाकडी पेटी, आणि खाली जाड आवाज करणारा दुहेरी सायलेन्सर.

काका-काकींना एक मुलगी होती. मी येण्याआधीच, नऊ वर्षांची असताना, ती तापाने गेली. दर रविवारी तिघं याच गाडीतून कांजूरमार्गला काकीच्या बहिणीकडे जायची. परत येताना मुलगी मागच्या सीटवर झोपलेली असायची. ती गेल्यावर काकी पुन्हा गाडीत बसली नाही. काका मात्र वर्षभर दर रविवारी दुपारी एकटेच गाडी घेऊन जात राहिले. मग एका रविवारी परत आले, दोन दिवस गाडीखाली आडवे पडून काहीतरी करत राहिले, आणि वर ताडपत्री टाकली ती कायमची. का, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. मी एकदा विचारलं होतं. जेवता जेवता त्यांचा घास थांबला. "तू अभ्यास कर," एवढंच म्हणाले. दोन वर्षांपूर्वी ते गेले.

आता काकीला एकदा त्या गाडीत बसायचं होतं. त्याशिवाय ती गाडी सोडणार नव्हती, आणि गाडी हलल्याशिवाय घर सोडणार नव्हती. बोरिवलीचे एक गृहस्थ अशा गाड्या हौसेने सांभाळतात. ते घ्यायला तयार होते. काकी त्यांना होही म्हणेना आणि नाहीही म्हणेना. इमारतीतली निम्मी घरं तोवर रिकामी झाली होती.

मी घाटकोपरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना गाठलं. त्यांनी उमेदीच्या काळात अशा गाड्या खोललेल्या होत्या. दर रविवारी सकाळी ते स्कूटरवरून यायचे.

पहिल्या दिवशी आम्ही ताडपत्री ओढली तेव्हा मिस्त्री बराच वेळ गाडीभोवती फिरले. मग म्हणाले, "मांजरं कुठायत?"

"कसली मांजरं?"

"अरे, इतकी वर्षं उभी गाडी. खाली मांजरीची चार बाळंतपणं व्हायला पाहिजेत. वायरी उंदरांनी खायला पाहिजेत. हिच्याखाली तर पालसुद्धा नाही."

खरंच काही नव्हतं. आत डोकावलं तर पुढच्या सीटचं रेक्झिन तडकलेलं, डॅशबोर्डवर बोटभर धूळ. मागची सीट मात्र अखंड होती. डाव्या बाजूला तिच्यात एक खोलगट जागा होती, कुशीवर झोपलेल्या लहान अंगाएवढी. मी हाताने दाबून पाहिलं. फोम तिथे बसलेला होता. फोम एका जागी दबत राहिला की बसतोच, त्यात काही विशेष नाही. तरी मी हात पॅन्टला पुसला.

आम्ही कामाला लागलो. टाकीतल्या पेट्रोलचं चिकट काळं राळेसारखं झालं होतं. प्लग काढून सिलिंडरांत तेल सोडलं, आठवडाभर मुरू दिलं, मग मोठा पाना लावून इंजिन हाताने फिरवलं. पहिल्यांदा ते जेमतेम केसभर हललं आणि आतून एक दीर्घ उसासा बाहेर पडला. अडकलेली हवा, दुसरं काही नाही. मिस्त्री माझ्याकडे पाहून हसले. "घाबरलास? डिग्री तुझी ना? मग पाना सोडून मागे कशाला पळतोस?"

"पळालो नाही, सरकलो."

"हां, सरकला म्हणे. चार पावलं."

क्लच चिकटला होता, ब्रेक आवळून बसले होते, रबराचा प्रत्येक पाइप बोटाने चुरा होत होता. सगळं नवीन घातलं. कागदपत्रं काकीच्या नावावर करून नोंदणी पुन्हा सुरू करण्यात तीन महिने गेले. या काळात एकच गोष्ट मला छळत राहिली. मागच्या डाव्या दाराची काच मी पूर्ण वर करून जायचो आणि पुढच्या रविवारी ती दोन बोटं खाली उतरलेली असायची. शेवटी दाराचं आतलं पॅनल खोललं. काच उचलणाऱ्या चक्राचे दात नेमके तेवढ्याच जागी झिजले होते, त्यामुळे काच आपल्या वजनाने घसरायची. मला बरं वाटलं. दुपारी जेवताना हे मी काकीला हसत सांगितलं.

काकीने पोळीचा तुकडा ताटात ठेवला. "तिका काच पुरी लावली काय उलटी येय," ती म्हणाली. "दोन बोटां उघडी लागायची."

मी ते चक्र बदललं नाही.

आता माझी चूक सांगतो. डिकीत स्टेपनीच्या मागे एक लांब गाठोडं होतं. काकीच्या जुन्या लुगड्यात, सुतळीने सात-आठ ठिकाणी आवळून बांधलेलं. सोडलं तर आत तो दुहेरी सायलेन्सर निघाला. गाडीखाली होता तो कंपनीचा साधा, मुका पाइप. म्हणजे काकांनी त्या दोन दिवसांत हेच केलं होतं. आमच्याकडे चांगली वस्तू टाकत नाहीत. जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवतात, पुढेमागे लागेल म्हणून. आईची तांब्याची कळशी, आजोबांची पेटी, सगळं असंच गुंडाळलेलं मी पाहत आलो. त्यामुळे गाठोडं पाहून माझ्या मनात एकच अर्थ आला, की काकांनी हे जपून ठेवलंय. माणूस एखादी वस्तू तिचा आवाज कोंडण्यासाठीही इतकी घट्ट बांधू शकतो, हे मला सुचलं नाही.

काकीकडे दसऱ्याचा एक फोटो होता. बॉनेटवर झेंडूचा हार, शेजारी काका, आणि मागच्या काचेतून डोकावणारा लहान चेहरा. त्या फोटोत गाडी जशी होती तशीच काकीला द्यायची, असं मी ठरवून टाकलं. पिवळे दिवे बसवले, काचेवरच्या पट्ट्या रंगवल्या, आणि सायलेन्सर घासूनपुसून पुन्हा जागेवर चढवला. मिस्त्रींनी किल्ली फिरवली. तिसऱ्या झटक्याला गाडी जागी झाली. कॉलनीतल्या कॉलनीत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर दोन फेऱ्या मारल्या. आवाज जाड, भरदार. मिस्त्रींनी टाळीसाठी हात पुढे केला. "झकास! काकीला सांग, नारळ काढ."

पुढच्या रविवारी दुपारी काकी खाली आली. इस्त्रीची साडी, हातात नारळ आणि लिंबू. नारळ तिने स्वतः फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. मी पुढचं दार उघडलं, ती माझ्या शेजारी बसली. मागे तिने पाहिलं नाही. "कांजूरमार्गाक चल," म्हणाली. बहीण आता तिथे राहत नव्हती, पण रस्ता तोच हवा होता.

हायवे सोडून लिंक रोडला लागलो तेव्हा रस्ता थोडा मोकळा मिळाला. मी तिसरा गिअर टाकला, काटा चाळीसवर गेला आणि तो आवाज सुरू झाला.

आधी मला वाटलं काच वाजतेय. मग नीट ऐकू आलं. मागच्या सीटवर कुणीतरी झोपेत श्वास घेत होतं. सर्दीने नाक चोंदलेल्या मुलाचा श्वास. आत घेताना बारीक शीळ, क्षणभर थांबणं, मग तोंडाने सोडलेला लांब निःश्वास. पुन्हा शीळ. माझ्या मानेवर काटा आला. पण डोकं शिकल्याप्रमाणे काम करत होतं. सायलेन्सरमधला पडदा सुटला असणार, चाळीसच्या आसपास तो ठरावीक लयीत हलत असणार, आणि मागची लाकडी पेटी तो आवाज घुमवत असणार. उतरून दहा मिनिटांत बंद करता आला असता. काका वर्षभर दर रविवारी एकटे कशासाठी जात होते आणि त्यांनी तो पाइप एवढ्या गाठी मारून का बांधला, हे मला तेव्हा त्या रस्त्यावर कळलं.

मी काकीकडे पाहिलं. ती समोर बघत होती. हात मांडीवर, अगदी स्थिर.

"आयकतंस?" ती हळूच म्हणाली.

"काकी, तो पाइप..."

"हळू बोल. निजलीहा."

पवई मागे पडली. कांजूरमार्गला पोचलो तेव्हा कचऱ्याच्या डम्पिंगकडून वारा आला आणि त्या दोन बोटांच्या फटीतून आत शिरला. काकीने नाकाला पदर लावला, पण काच लावायला सांगितलं नाही. पुलाखालून वळवताना वेग कमी झाला, श्वास थांबला. काकीचा हात चटकन माझ्या दंडावर आला. पुन्हा चाळीस झाले, शीळ पुन्हा सुरू झाली. हात सुटला.

परत दिंडोशीच्या वळणाशी आलो तेव्हा ती म्हणाली, "वळू नको."

"काकी, घर आलं."

"बंद करू नको रे. गाडी बंद केलंस काय ती उठतली. नेहमी तशीच उठायची. मगे रडायची."

मी पुढे गेलो. पुन्हा कांजूरमार्ग, पुन्हा परत. तिसऱ्या फेरीला पेट्रोलचा काटा खाली आला होता. उन्हं उतरली होती. मी पंपावर थांबलो असतो, पण तिथे इंजिन बंद करावं लागतं. ज्या बाईने चार वर्षं मला स्वतःच्या ताटातलं वाढलं, तिला मी काय सांगणार होतो? थांबू या म्हणू? आवाज खोटा आहे म्हणू? आणि पेट्रोल संपून गाडी भर रस्त्यात आपोआप बंद पडली असती तर, हा विचार मला सर्वांत भयंकर वाटला.

"काकी," मी म्हणालो, "आता रस्त्यातच बंद पडेल. तिला रस्त्यात उठवायचं की घरी?"

असं काही मी बोलेन असं मला स्वतःलाही वाटलं नव्हतं. काकीने मान हलवली. "घरी," ती म्हणाली.

इमारतीखाली नेहमीच्या जागी मी गाडी उभी केली. इंजिन चालू होतं, पण उभ्या गाडीत तो आवाज नव्हता, नुसती घरघर. मी किल्लीला हात लावला नाही. काकी वाकली आणि तिने स्वतः किल्ली फिरवली. इंजिन थांबलं.

आणि मागच्या सीटवरून श्वास आला. शीळ, थांबणं, निःश्वास. मग आणखी एक. इंजिन बंद असताना पाइपात वायू जात नाही, पडदा हलत नाही, पेटी घुमत नाही. याचं उत्तर मी तेव्हापासून शोधतोय. मिस्त्रींना विचारलं तर म्हणाले, गरम पाइप थंड होताना वाजतो. वाजतो, पण टिकटिक वाजतो, हे त्यांनाही ठाऊक आहे आणि मलाही.

काकी उतरली, मागचं दार उघडलं, आत वाकली. "चल गो बाय, घर इला," ती म्हणाली. थोडा वेळ तशीच वाकून राहिली. मग सरळ झाली आणि कोपराने दार लोटलं.

"त्या बोरिवलीच्या माणसाक फोन कर," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "गाडी न्हेवा म्हणान सांग."

जिना चढताना काकी एरवी कठडा धरते, दर चार पायऱ्यांना थांबते. त्या संध्याकाळी तिने कठडा धरला नाही. दोन्ही हात छातीशी धरून ती सावकाश, तोल सांभाळत, एकेक पायरी चढत होती. मी मागून चाललो होतो. दोन्ही मजल्यांवरची घरं रिकामी, दारं उघडी. आमच्या दाराशी आल्यावर ती थांबली. किल्ली तिच्या कमरेलाच होती. मी वाट पाहिली.

"दार उघड रे," काकी कुजबुजली. "माझे हात मोकळे नाय."

मी तिच्या कमरेची किल्ली काढली आणि दार उघडून बाजूला झालो.