स्तूपावरची उरलेली मेणबत्ती

मृतांच्या दिवशी आमचं सगळं गाव दफनभूमीत असतं. कबरी सजतात, फादर पवित्र पाणी शिंपडतात. मी मात्र दर वर्षी सोपाऱ्याच्या स्तूपाकडे, त्या विटांच्या जुन्या टेकाडापाशी, येऊन बसतो. घरी सांगतो, इतिहासाची आवड. खरं ते नाही. वाडीच्या हद्दीवरून थोरल्या भावाशी, दादाशी, अबोला धरला, तो आजारी पडून वारला तोवर सोडला नाही. त्याच्या कबरीसमोर उभं राहायची लाज वाटते. आमच्याकडे काही वर्षांनी कबर उकरून दुसऱ्या मयताला देतात. दादाच्या कबरीचं हे शेवटचं वर्ष.

यंदा तिथे लाल लुगड्यातली एक म्हातारी आली. आमच्या ख्रिस्ती लोकांतलीच. तिने चपला काढल्या, पदराने विटांवरची पानं झाडली, मेणबत्ती लावली आणि वाऱ्याला तळव्याचा आडोसा धरला.

"मावशी, हे बौद्धांचं," मी शहाणपणा केला. "आणि आतल्या अस्थी केव्हाच मुंबईला नेल्या. आत कोणी नाही."

"म्हाईत हाय. कबरस्तानात मेणबत्त्या उरल्या, घरी कशाला नेऊ?" तिने मला नीट न्याहाळलं. "पन आत कोनी नाय, नि गळ्यात तुज्या क्रूस. मंग आजच्या दिवशी तू कोनाकडं बसलायस रे बाबा?"

ती तशीच ज्योत सांभाळत उभी राहिली, घाई नसल्यासारखी. शेवटी मीच विचारलं, "मावशी, अजून एखादी उरलीय?"

"हाय," ती पिशवीत हात घालत म्हणाली. "पन हितं लावायला नाय देनार."

मेणबत्ती खिशात घालून मी स्कूटर गावाकडे वळवली.